आश्रमशाळेतील मुली लोहाच्या गोळ्या टाकून देतात, परिचारिकेने काय करावे?

प्रश्न : परिचारिका, नंदुरबार जिल्हा
नमस्कार. गेल्या जूनपासून मी सातपुड्यातील एका निवासी आश्रमशाळेत काम करते. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना दर सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते आणि नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे खूण होते. मागच्या आठवड्यात वसतिगृहामागच्या गटारात मला पंधरा-वीस निळ्या गोळ्या सापडल्या; तेव्हापासून त्या वहीवर सही करताना हात अडखळतो. विचारल्यावर काही मुलींनी मळमळीची तक्रार केली, तर काही जणी शौचाचा रंग काळा झाल्यामुळे घाबरल्या होत्या. आठवी-नववीतील बऱ्याच मुलींचे हिमोग्लोबिन ९ च्या आसपास आहे. रागावून, तोंड उघडायला लावून गोळी देणे मला पटत नाही.

उत्तर : निवृत्त आरोग्य सहायिका
सिस्टर, प्रार्थनेच्या वेळी पोरी उपाशी असतात, मळमळ होणारच. गोळी दुपारच्या जेवणानंतर द्या आणि तिच्या आगेमागे तासभर चहा देऊ नका, कारण चहातील टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. वरणावर लिंबू पिळता आले तर फारच उत्तम. न शोषलेल्या लोहामुळे शौच काळे होते, त्यात धोका नाही, हे मुलींना गोळी हातावर ठेवण्याआधी सांगावे. घाबरल्यानंतर सांगितलेले त्यांना समजूत काढल्यासारखे वाटते.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र
एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आठवड्याच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती प्रतिबंधासाठी आहे. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. ९ असलेल्या मुलीला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे उपचार लागतात, ८ च्या खाली गेलेल्या मुलीला रुग्णालयातच पाठवावे. त्यामुळे तुमच्या या मुलींनी सोमवारची गोळी न चुकता घेतली असती, तरी तेवढ्याने भागले नसते. शिवाय आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) प्रमाण मोठे असल्याने प्रत्येकीची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. सिकलसेलच्या रुग्ण मुलीला लोह द्यायचे की नाही, हे तिची लोहाची पातळी पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते. जंतनाशक अल्बेंडाझोलही चुकवू नये.

उत्तर : स्त्री अधीक्षक, पालघर जिल्हा
आमच्या वसतिगृहात खरे कारण फार उशिरा कळले. या गोळीने पुढे मूल होत नाही, असे एका मोठ्या मुलीने सांगितले होते आणि धाकट्या मुलींनी ते मनात धरले होते. रांगेत उभे करून विचारले तेव्हा कुणीही बोलले नाही. आमच्या सिस्टर संध्याकाळी दार लोटून एकेकीशी बोलू लागल्या, तेव्हा ही भीती बाहेर आली, आणि एका मुलीला दर महिन्याला नऊ-दहा दिवस रक्तस्राव होतो, हेही तेव्हाच समजले. तिला फक्त गोळ्या देत राहिलो असतो तर मूळ दुखणे तसेच राहिले असते.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. पाळीबद्दल मी एकीलाही विचारले नव्हते, याचे वाईट वाटते. गोळीची वेळ बदलण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलले, त्यांनी होकार दिला. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींची यादी आणि ज्यांची सिकलसेल तपासणी झाल्याची नोंद नाही त्यांची नावे घेऊन गुरुवारी आरोग्य केंद्रात जात आहे. यापुढे मुलीने माझ्यासमोर गोळी घेतली तरच खूण करीन; नकार दिला तर नकार आणि त्याचे कारण लिहीन.