तुमचा लाडका पॅच कोणता? कुणा अनोळखी माणसाने बनवलेला सिंथ, इफेक्ट, काहीही

खर्ज

परवा आमच्या वहिनींचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडला. बटण दाबलं की नुसती खरखर. दुरुस्तीवाला म्हणाला आठ दिवस लागतील, आणि त्यांचा रियाज एक दिवसही चुकत नाही. म्हटलं थांबा, माझ्याकडे काहीतरी आहे, आणि दोन वर्षं न उघडलेला एक पॅच (वायरी जोडून केलेली आवाजाची जुळणी) उघडला.

व्हीसीव्ही रॅक, म्हणजे कॉम्प्युटरवर वायरी जोडून सिंथ बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात 'रेझोनेटर' नावाचं मोड्युल आहे, म्हणजे मूळचं म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या सिंथ कंपनीचं 'रिंग्ज', तारेसारखा आवाज काढणारं. ते बनवणाऱ्या एमिली जिले यांनी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला म्हणून ते रॅकमध्ये येऊ शकलं. त्याला चार पायऱ्यांचा सिक्वेन्सर (सूर ओळीने वाजवणारा) लावलेला. मंद्र पंचम, सा, सा, खर्ज. मागे लांब रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. सुरू केलं. वहिनी डोळे मिटून मिनिटभर ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो भावजी, पण पंचम हलतोय."

मी ट्यूनर लावून दाखवला, सगळं बरोबर. त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र काही म्हणू दे, हलतोय."

मग डोक्यात प्रकाश पडला. रॅकमध्ये १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. मी पंचमाला उणे ०.४१६७ दिलं होतं, म्हणजे सप्तकाचे सरळ बारा भाग करून येणारा पेटीचा पंचम. सा २२० हर्ट्झला आहे, तर खरा मंद्र पंचम १६५, आणि माझा येत होता १६४.८१. दोन्ही तारांचे वरचे स्वर जिथे ६६० ला एकमेकांवर बसायला हवेत तिथे पाऊण हर्ट्झचा फरक, म्हणजे साधारण सव्वा सेकंदाला एक हेलकावा. तो बाईंनी ऐकला! नॉबवर राइट क्लिक करून उणे ०.४१५ टाईप केलं. हेलकावा गेला आणि खोली भरल्यासारखी झाली. त्या काही बोलल्या नाहीत, सरळ षड्ज लावला.

तेव्हापासून मनात घोळतंय की हे मोड्युल लिहिणाऱ्या बाईंना आमच्या घरातला हा षड्ज कधी ऐकू जाणार नाही. तुमच्याकडे असं काय आहे? कुणी बनवलेला पॅच, इन्स्ट्रुमेंट, इफेक्ट जो तुमचा होऊन गेला? रॅक किंवा पीडी, रिअ‍ॅक्टर, मॅक्स अशी त्याच्यासारखी सॉफ्टवेअर, काहीही चालेल. लिहा.

तरफ_तार

रिंग्ज!!! त्याचा दुसरा मोड लावलास का, दिवा हिरव्याचा पिवळा होतो तो? सिंपथेटिक स्ट्रिंग्ज म्हणजे आपली तरफच रे, न छेडता झंकारणाऱ्या तारा. स्ट्रक्चरचा नॉब फिरवला की तरफा कुठल्या सुरांना लावल्यात ते बदलतं. मी सारंगी शिकतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. लोकलमधे आहे, सविस्तर नंतर लिहितो

मीनल_नागपूर

वहिनींना नमस्कार सांगा माझा. पाऊण हर्ट्झ!! पण एक विचारू का, मोबाइलवर तानपुऱ्याची अ‍ॅप आहेत ना इतकी?

खर्ज

आहेत की. त्यांच्या फोनवर पण आहे. पण त्या म्हणतात तेच तेच रेकॉर्डिंग फिरत राहतं आणि दहा मिनिटांनी कान थकतो. रिंग्जमध्ये प्रत्येक छेड नव्याने तयार होते, मी छेडण्याची जागा हळूच हलवत ठेवलीय, त्यामुळे दोन आवर्तनं सारखी येत नाहीत.

कंसातला_तार

माझं पीडी. प्युअर डेटा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, होस्टेलवर, लॅपटॉप इतका जुना की दुसरं काही चालायचंच नाही. कुणीतरी नेटवर टाकलेला तारेचा पॅच मिळाला, कारप्लस-स्ट्राँग, १९८३ सालची युक्ती आहे ती. थोडासा नॉइज एका डिलेमधे सोडायचा आणि बाहेर आलेलं जरा मऊ करून परत आत घालायचं, बास, तार वाजते. डिले जितका छोटा तितका सूर वर, २२० हवं तर ४.५४५ मिलिसेकंद. इतकं साधं! चार डबे आणि पाच वायरी. मी त्या रात्री झोपलोच नाही.

तर गंमत अशी की तार पंचमापर्यंत सूर बरोबर लागायचा आणि धैवत मागितला की खालीच बसायचा. निषाद मागा, तिथेच. त्याच्यावरचा सा मागा, तिथेच. तीन दिवस वायरी उपसल्या. मग कळलं की पीडी ६४ सॅम्पलचा (आवाजाच्या नमुन्यांचा) गठ्ठा करून हिशोब करतं आणि आवाज गोल फिरवून परत आत घ्यायचा असेल तर एका गठ्ठ्यापेक्षा लवकर घेताच येत नाही. ६४ सॅम्पल म्हणजे १.४५ मिलिसेकंद, म्हणजे ६८९ हर्ट्झ. धैवत ७३३ ला. भिंतच! उपाय एका ओळीचा, तो भाग सबपॅचमधे टाकून 'ब्लॉक १' लिहायचं, की एकेक सॅम्पलने चालतं. प्रोसेसर जास्त खातो पण धैवत लागला. आज कंपनीत ऑडिओचंच काम करतोय आणि मुलाखतीत बफर (असाच गठ्ठा) म्हणजे काय विचारलं तेव्हा मी हा धैवतच सांगितला.

सौ_कुलकर्णी_काकू

मला यातलं निम्मं कळलं नाही पण वाचताना मजा येतेय. माझा मुलगा अकरावीला आहे, गिटार वाजवतो आणि दिवसभर यूट्यूबवर हेच वायरींचे व्हिडिओ बघतो. हे फुकट आहे का सगळं? का नंतर पैसे मागतात? अभ्यासाचं वाटोळं होणार नाही ना?

कंसातला_तार

काकू पीडी पूर्ण फुकट, ओपन सोर्स. मिलर पकेट नावाचे प्रोफेसर आहेत, मॅक्सची सुरुवात त्यांनीच केली पॅरिसला १९८० च्या दशकात, नंतर हे. रॅक पण नुसतं वापरायला फुकट, दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत प्लगिन म्हणून हवं असेल तरच प्रो घ्यावं लागतं, आणि तिथेही कार्डिनल म्हणून फुकट पर्याय आहे. अभ्यासाचं म्हणाल तर लॉगॅरिदम मला यातूनच कळला.

सौ_कुलकर्णी_काकू

बरं. त्याला दाखवते. धन्यवाद रे बाळा 🙏 कुकर झाला, येते.

श्प्रे_काठचा

बर्लिनहून लिहितोय. रिअ‍ॅक्टर इथलंच अपत्य, १९९६ ला 'जनरेटर' म्हणून सुरू झालं. शिकायला आलो तेव्हा विकत घ्यायला पैसे नव्हते, फुकटचा प्लेअर होता. त्यात लोकांनी बनवलेली एन्सेंबल (रिअ‍ॅक्टरचे पॅच) उघडायची तर डेमोमधे, ३० मिनिटं चालणार, सेव्ह होणार नाही. मी अर्ध्या तासाचा गजर लावायचो, एक ड्रोन होता कुणाचा तरी, पत्र्यावरून वारं जावं तसा आवाज, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा आणि मी हेडफोन लावून तो ऐकत बसायचो. अर्ध्या तासात जे सापडेल ते रेकॉर्ड करून घ्यायचं, परत ती सेटिंग मिळणार नाही. त्या सवयीने कान तयार झाला माझा, अजूनही नॉब फिरवताना रेकॉर्ड आधी दाबतो.

पहिल्या पगारात पूर्ण रिअ‍ॅक्टर घेतलं ते फक्त त्या ड्रोनचं पोट उघडून बघायला. आत एवढे फिल्टर, एकाला एक लागून, आणि मधे त्या माणसाने स्वतःसाठी लिहिलेल्या जर्मन टिपा. एका फिल्टरपाशी लिहिलं होतं, 'इथे हात लावू नकोस'. मी लावला नाही.

मीनल_नागपूर

"मी लावला नाही" 😍

रिअ‍ॅक्टरमधे न्यूजकूल पण आहे ना? गेम ऑफ लाइफवर चालणारं? मला ते फार आवडतं. चौकटीत ठिपके असतात, शेजारी तीन जिवंत असले की नवा ठिपका जन्मतो, दोन किंवा तीन असले की जगतो, नाहीतर मरतो, आणि त्यावरून ताल. आपण फक्त सुरुवातीचे ठिपके ठेवायचे. एकदा ठेवलेले ठिपके शंभरेक मात्रांनी सगळे मेले आणि एकदम शांतता झाली, मी खरंच हळहळले.

जुना_पेंटियम

माझी गोष्ट वाईट आहे. सिंथएडिट आठवतं का कुणाला? २००५-०६ ला फुकट प्लगिन मिळायचे त्यातले कितीतरी लोकांनी त्यात घरी बसून बनवलेले. आमच्या सांगलीत नेट म्हणजे सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. मित्राने सीडी भरून आणली होती. त्यात एक बासरीसारखा सिंथ, हिरव्या रंगाचा, बनवणाऱ्याचं नाव नाही काही नाही, फक्त एक पानाचं चित्र. गणपतीच्या देखाव्याचं सगळं म्युझिक त्यावर केलेलं मी, सलग तीन वर्षं. मग नवीन कॉम्प्युटर घेतला, सगळं ६४ बिट, आणि तो ३२ बिटचा, दिसेचना. दहा वर्षं झाली. फाईल आहे, आवाज नाही. ज्याने बनवला त्याला विचारावं तर पत्ता नाही. फाईलवर क्लिक करून बघतो कधी कधी.

श्प्रे_काठचा

अरे थांब. फाईल आहे ना? रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) टाक, ते ६४ बिटमधेही ३२ बिटचे प्लगिन पुलावरून चालवतं. नाहीतर जेब्रिज. विंडोज आहे ना?

जुना_पेंटियम

विंडोज आहे. रात्री दुकान बंद केल्यावर बघतो

आगरातला

माझा रॉबर्ट हेन्के यांचा ग्रॅन्युलेटर. एबल्टन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमधे मॅक्स चालतं, मॅक्स फॉर लाइव्ह, त्यातला, फुकट वाटला त्यांनी. गुहागरकडे मामाचं आगर आहे, पोफळींना पाणी रहाटाने. पंप बसायच्या आदल्या मे महिन्यात मी फोनवर रहाट रेकॉर्ड केला होता, अकरा सेकंद, तेवढंच, तेवढ्यात फोनची बॅटरी गेली. लाकडाचा कण्हल्यासारखा आवाज आणि गाडगी उलटून पन्हळीत पाणी पडतं तो. ग्रॅन्युलेटर आवाजाचे बारीक बारीक कण करतो आणि हवे तिथले हवे तितका वेळ वाजवत राहतो. 'स्प्रे' थोडा दिला की कण आजूबाजूनेही उचलतो. मी नुसता तो कण्हण्याचा भाग धरला, अर्धा सेकंद असेल, आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या. बापरे. पन्नास रहाट एका विहिरीवर.

आईला ऐकवलं, काय आहे ते सांगितलं नव्हतं. ती म्हणाली वंगण घाला रे त्याला कुणीतरी.

खर्ज

👌👌 आई ग्रेट. अपलोड कर हे प्लीज.

पहाटवारा

मी घंटेवाला. पीडीबरोबर उदाहरणांची फाईल येते, डी०७, त्यात संगीतकार ज्याँ-क्लोद रिसे यांची घंटा आहे. ११ स्वर एकत्र करून. त्यात पहिला ०.५६ पट, आणि दुसरा पण ०.५६ पटच पण १ हर्ट्झने वर सरकवलेला. तसंच ०.९२ आणि त्याच्यावर १.७ हर्ट्झ. ह्या जवळजवळच्या जोड्यांमुळेच घंटा 'घूं... घूं...' अशी लाटांनी विझते. मला हे माहितच नव्हतं, वाटायचं घंटेचा आवाज म्हणजे एकच सूर.

मग गावी गेलो (कागल तालुका) तेव्हा काकडआरतीच्या आधी पाचला देवळात जाऊन आमची घंटा रेकॉर्ड केली, पुजारी काका म्हणाले एवढ्या सकाळी काय काढलंस. ऑडॅसिटीत तिचा आलेख बघून एकेक आकडा त्या पॅचमधे बदलत गेलो. दोन रविवार गेले. सगळ्यात अवघड ठोक्याचा पहिला क्षण, वरचे स्वर पटकन मरतात आणि खालचे रेंगाळतात, प्रत्येकाला वेगळी लांबी द्यावी लागते. शेवटी बायकोला दोन्ही ऐकवल्या, तिला ओळखता आली म्हणा, खरीच्या मागे कावळा होता.

मीनल_नागपूर

कावळा पण सिंथेसाइझ करा आता 😄

माझा राहिलाच लिहायचा. व्हॅलीचा 'प्लॅटो' रिव्हर्ब, रॅकमधला. दातोरो यांच्या १९९७ च्या लेखावर आधारलाय. जरा मोठा केला आणि होल्ड दाबलं की आत असेल ते तसंच गोठून राहतं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्री झोप नसायची, एकच स्वर त्यात सोडून होल्ड करायचे आणि अगदी हळू आवाजात लावून पडायचे. आता बरे आहेत बाबा. पण तो पॅच मी पुसत नाही.

तरफ_तार

मीनलताई ❤️ काळजी घ्या.

जुना_पेंटियम

चालला!!!!!

रीपरमधे चालला. अकरा वाजलेत, हेडफोन शोधायलाही थांबलो नाही, स्पीकरवरच लावला, वरच्या मजल्यावरून बायको धावत आली काय झालं म्हणून. ते हिरवं पान दिसलं स्क्रीनवर. देखाव्याचं संगीत वाजवलं, बोटांना आठवत होतं. श्प्रेभाऊ तुमचे कसे आभार मानू

श्प्रे_काठचा

आता पहिलं काम, त्या फाईलची दोन ठिकाणी कॉपी. आणि इथे ऐकव, वाट बघतोय.

कंसातला_तार

+१, आणि विंडोज अपडेट बंद ठेव आज रात्री

आगरातला

@खर्ज उद्या टाकतो रहाट. तुमचा तानपुऱ्याचा पॅच पण टाका ना, बहिणीला हवाय. तिचा सा पण तुमच्यासारखा पांढरी सहा आहे, सर्दी झाली की काळी चारला उतरते.

खर्ज

टाकतो. काळी चारसाठी चारही पायऱ्यांतून ०.०८३ वजा कर, म्हणजे खर्ज उणे १.०८३, दोन्ही सा उणे ०.०८३ आणि पंचम उणे ०.४९८. पंचम आधी लाव आणि बहिणीला ऐकू दे, तिने मान हलवली की मग बाकीचे.