क्वेक थ्री मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचंय, पण बाहेरून कोणालाच जॉइन होता येत नाहीये

घोडबंदरकर:
मंडळी, जुना क्वेक थ्री अरीना हा गोळीबाराचा गेम परत सुरू करायचा घाट घातलाय. ओरिजिनल सीडी आहे, विंडोज १० वर आयओक्वेक३ (गेमच्या खुल्या कोडवर बनलेलं नवं इंजिन) टाकलं, सीडीवरची पॅक झिरो फाइल बेसक्यू३ फोल्डरमध्ये कॉपी केली, पॅच डेटा त्यांच्या साइटवरून घेतला, गेम मख्खन चालतो. घरात मी आणि भाऊ वायफायवर मस्त खेळतो. पण कॉलेजचा ग्रुप आता पांगलाय, एक ऐरोलीला, एक खारघरला, एक कळव्यात, आणि त्यांच्यासोबत खेळायचं म्हणूनच तर हे सगळं चाललंय. राउटरमध्ये यूडीपी २७९६० पोर्ट फॉरवर्ड केलाय (म्हणजे बाहेरून गेमसाठी येणारं माझ्या पीसीकडे वळवलंय), फायरवॉलमध्ये परवानगी दिलीय, तरी त्यांच्या स्क्रीनवर नुसतं "अवेटिंग चॅलेंज" येतं आणि पुढचा आकडा वाढत जातो. काय राहिलंय?

नेरूळ_सेक्टर६:
अवेटिंग चॅलेंजवर अडकलं म्हणजे त्यांची रिक्वेस्ट तुझ्यापर्यंत येतच नाहीये नाहीतर तुझं उत्तर परत जात नाहीये, गेमच्या सेटिंगला हात लावू नकोस. राउटरच्या पेजवर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, काय दिसतो ते बघ, आणि "माझा आयपी काय" असं सर्च केल्यावर जो येतो तो बघ. दोन्ही वेगळे असतील, आणि त्यात राउटरवाला १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी दिलाय. जणू अख्ख्या बिल्डिंगला मिळून एकच टपालपेटी, पत्र आलं तरी कुठल्या फ्लॅटचं ते कोणाला कळणार. अशात तुझ्या राउटरवर कितीही पोर्ट उघड, त्याच्या आधीच अडतं. लोकल केबलवाल्याच्या कनेक्शनला हे सर्रास असतं. पब्लिक आयपी मागून बघ, बरेच जण महिन्याचे थोडे पैसे घेऊन देतात. नाहीतर चौघांत ज्याच्याकडे पब्लिक आयपी आहे त्यालाच होस्ट करू दे, सगळ्यात सोपं.

घोडबंदरकर:
बघितलं, राउटरवर १००.७० ने सुरू होणारा आहे, बाहेर दुसराच. खारघरवाल्याचं आणि कळवेकराचं पण तेच, ऐरोलीवाला तर मोबाइल हॉटस्पॉटवर आहे. मग आता?

कोपरी_रेलगन:
मग व्हर्च्युअल लॅन, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेलं पण घरच्या नेटवर्कसारखं चालणारं खासगी नेटवर्क. झीरोटिअर किंवा टेलस्केल, दोन्ही एवढ्याशा ग्रुपला फुकटात पुरतं, चौघांनी इन्स्टॉल करून एकाच नेटवर्कमध्ये यायचं, प्रत्येकाला एक आतला आयपी मिळतो. लिस्टमध्ये सर्व्हर दिसायची वाट बघू नका, कन्सोल उघडून स्लॅश कनेक्ट आणि तुझा तो आतला आयपी टाकायचा. टेलस्केलचे आयपीसुद्धा १०० नेच सुरू होतात, त्यामुळे राउटरवाला कुठला आणि हा कुठला यात गफलत करू नका. विंडोज या नव्या नेटवर्कला पब्लिक धरतं आणि बाहेरून येणारं अडवतं, ते प्रायव्हेट करून घे, बहुतेक लोक इथेच अडकतात. आणि टेलस्केलमध्ये प्रत्येकाचं कनेक्शन डायरेक्ट दाखवतंय की रिले ते बघ, रिलेतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे गेलं की पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) वाढतो.

१९९९ चा गेम आहे, पण आयडी सॉफ्टवेअरने २००५ मध्ये याचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या लायसन्सखाली खुला केला म्हणून आज आयओक्वेक३ आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे. कंपनीचे सर्व्हर बंद झाले की कित्येक चांगले गेम कायमचे जातात, याचं तसं झालं नाही. त्यामुळे कुठल्यातरी साइटवरची क्रॅक कॉपी मित्रांना अजिबात देऊ नकोस, व्हायरस असतो तो वेगळाच. स्टीमवर विकत मिळतो, तिघांनाही घ्यायला सांग.

घोडबंदरकर:
झालं!!! तिघंही जॉइन झाले, बॉट काढून टाकले आणि पहिला मॅप अर्थातच क्यू३डीएम१७. खारघरवाल्याचा पिंग एकदम कमी आहे, पण ऐरोलीवाला मध्येच उड्या मारतो, रेलगनचा (गेममधली लांबून मारायची बंदूक) नेम त्याच्यावर लागतच नाही. आणि कळवेकराने कुठलेतरी जास्तीचे मॅप टाकलेत, तो अधूनमधून "अनप्युअर क्लायंट" म्हणून बाहेर पडतो.

वाशी_डेडिकेटेड:
ऐरोलीवाल्याला लॅगोमीटर (गेममधला कनेक्शनचा ग्राफ) चालू करायला सांग, खालच्या ग्राफमध्ये लाल रेघा आल्या तर पॅकेट हरवतायत, म्हणजे हॉटस्पॉटचा दोष, घरचं ब्रॉडबँड घेऊन केबल लावल्याशिवाय इलाज नाही. पिवळ्या आल्या तर रेट (गेम किती डेटा घेईल याची सेटिंग) कमी आहे, तो २५००० कर. जुन्या कॉन्फिग फाइलीत मोडेमच्या काळातला ३००० पडलेला असू शकतो. कळवेकराच्या जास्तीच्या पीके३ फाइली (मॅप यांतच असतात) बेसक्यू३ मधून काढ, किंवा तेच मॅप सर्व्हरवर पण टाक. सर्व्हरची एसव्ही प्युअर ही फाइली तपासायची सेटिंग शून्य करूनही चालेल पण मग कोणी काय फाइली घालून येतोय ते कळत नाही, मित्रांतच असाल तर ठीक.

आठवड्यातून बऱ्याचदा खेळणार असाल तर मुंबई लोकेशनचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घ्या, पब्लिक आयपी मिळतो, या गेमच्या डेडिकेटेड सर्व्हरला अगदी कमी रॅम लागते. मग व्हर्च्युअल लॅन पण नको आणि तू ऑनलाइन नसलास तरी बाकीचे खेळतील. पासवर्ड मात्र ठेवा. एक जागा कमी पडत असेल तर मला आयपी पाठव, वाशीतून रात्री अकरानंतर मी कधीही येतो.