बी विंग ग्रुप: पगार वाढला 5,000, हातात आले 800

बी-304: काका, जरा बघता का? एप्रिलपासून पगार 1,05,000 चा 1,10,000 झाला. स्लिप आली तर हातात फक्त 800 जास्त. टीडीएस (पगारातूनच कापतात तो आयकर) 3,900 कापलाय, मागच्या वर्षी शून्य होता. चुकलंय का काही?

ए-101: स्लॅब बदलला ना. आता सगळ्या पगारावर 15 टक्के. अशी वाढ न घेतलेलीच बरी.

ए-203: नाही हो, पोरीला असं सांगू नका. 31 वर्षं पगारपत्रकं केलीत मी, हा गैरसमज दर एप्रिलला ऐकायचो. जेवण झालं की लिहितो.

ए-203: हं. 2025-26 पासूनचे नव्या करपद्धतीचे दर धरू. पहिल्या 4 लाखांवर काही नाही. 4 ते 8 लाख एवढ्याच भागावर 5 टक्के, म्हणजे 20,000. 8 ते 12 च्या भागावर 10 टक्के, म्हणजे 40,000. 15 टक्के लागतात ते 12 च्या वरच्या रकमेला. वरच्या पायरीवर गेलात म्हणून खालच्या पायरीचा दर बदलत नाही.

मग फटका कुठे बसला? करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर ते 60,000 माफ होतात. त्यावर गेलं की माफी संपते. एकदम खड्डा पडू नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: 12 लाखांच्या वर जेवढे जातील, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. पण त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे अधिभार, लागतोच.

तुझे वर्षाचे 13,20,000, वजा स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांची सरसकट वजावट, 75,000. राहिले 12,45,000. कर 45,000, सेस 1,800. एकूण 46,800, महिन्याला 3,900. स्लिप बरोबर आहे बाळा. बेसिक 52,500 चं 55,000 झालं, म्हणून पीएफही 300 ने वाढला. तो तुझाच आहे.

साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत हे असंच चालतं, वाढ जवळजवळ सगळी करात जाते. मला हे अन्यायाचं वाटतं. पण म्हणून वाढ सोडू नकोस. पुढची वाढ याच आकड्यावर मिळणार आहे.

सी-402: काका, आमच्या ह्यांचे फेब्रुवारीत 100 जास्त कापले होते, ते काय?

ए-203: प्रोफेशनल टॅक्स, वहिनी. 11 महिने 200, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500.

बी-304: म्हणजे माझ्या हातात करण्यासारखं काहीच नाही?

ए-203: आहे ना. कंपनी पगारातलेच काही पैसे तुझ्या एनपीएसमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या पेन्शन खात्यात, भरते का विचार. कंपनीने भरलेल्या रकमेला बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजावट मिळते. तू स्वतः भरलेस तर नाही मिळणार. तुझ्या बाबतीत 7,700 पर्यंत बसतात, पण महिना 3,750 पुरे. वर्षाचे 45,000 झाले की 12 लाखांवर येतेस, कर शून्य. 800 ऐवजी 950 हातात वाढतील, आणि 45,000 तुझ्याच नावावर. ते बरीच वर्षं अडकतात, एवढं मात्र घरी बोलून ठरव.

बी-304: काका!! सकाळीच एचआरला विचारते. 3,750 सांगू?

ए-203: थांब. एफडी आहे का तुझी?

बी-304: हो, आईने करून दिलेली. वर्षाला 6,000 व्याज येतं.

ए-203: ते पण उत्पन्नात धरतात. मग 4,250 सांग.