गार वाऱ्याला कुठलं जॅकेट घ्यावं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

रविवार, सकाळी ८:१०

सी-४०३: सगळ्यांना सुप्रभात. एक सल्ला हवाय. ह्यांची या महिन्यात फर्स्ट शिफ्ट आहे. सव्वासहाला बाइकवरून सिन्नरला निघतात. गेल्या वर्षी घेतलेलं फ्लीसचं जॅकेट घरात घातलं तर घाम फुटतो आणि शिंदे-पळसे ओलांडलं की अंगात काही घातलंच नाही असं वाटतं म्हणे. मोहदरी घाटात तर वारा नुसता झोंबतो. काल कंपनीत पोचल्यावर अर्धा तास बोटं वळत नव्हती. दुकानदाराने "वारा अजिबात लागणार नाही" म्हणून दिलं होतं. आता नवीन घ्यायचं तर काय बघून घेऊ?

ए-३०५: वहिनी, लिंक टाकलीये बघा. आज सेल आहे. यांच्याकडचं सगळ्यात जाड फ्लीस हेच.

सी-४०३: जाड तर आमचंही आहे भाऊ. कपाटात दोन शर्टांची जागा खातं.

बी-५०१: काकू, जाडीवर जाऊ नका. ए-१०२ च्या काकांना विचारा, कापडातलं त्यांना सगळं कळतं. काका, बघताय ना?

ए-१०२: बघतोय. चहा घेतो आणि लिहितो. दोन ओळींत होणार नाही.

डी-२०४: आमच्या ह्यांनाही फिरायला जाताना घालायला काही हवंय. मीही वाचते.

ए-१०२: वहिनी, माझी ३१ वर्षं कापडाच्या चाचणी विभागात गेली, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

फ्लीस स्वतः गरम नसतं. ते पॉलिएस्टरचं कापड आहे. स्वेटरसारखी टाक्यांची वीण घालतात आणि मग तारांच्या ब्रशने खरवडून त्यावर लव उठवतात. त्या लवेत हवा अडकते. ऊब देते ती ही अडकलेली, न हलणारी हवा. घरात हवा हलत नाही म्हणून साहेबांना घाम फुटतो. गाडीवर ताशी ५० ने वारा छातीवर आला की लवेतली गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि तिच्या जागी गार हवा येऊन बसते. ती जरा गरम होतेय तोच पुन्हा वारा. सिन्नरपर्यंत हेच चालू राहतं. टाक्यांच्या विणीत फटी राहतातच, त्यामुळे नुसती जाडी वाढवून हा वारा थांबत नाही.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचं एक गणित अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरतात. त्यानुसार हवेत ८ अंश असताना ताशी ५० चा वारा उघड्या चेहऱ्याला साधारण ३ अंशांसारखा लागतो. आपल्याकडे पहाटे ८-९ अंश काही नवलाचे नाहीत, निफाडकडे तर त्याहून खाली. म्हणजे साहेब रोज ३ अंशांत प्रवास करतायत आणि अंगावर चाळणी आहे असं समजा.

सी-४०३: बापरे. असा विचारच केला नव्हता.

ए-१०२: आमच्या लॅबमध्ये हे मोजायचं मशीन होतं. कापडाचा तुकडा एका गोल तोंडावर ताणून बसवायचा, पलीकडून हवा ओढायची आणि मिनिटाला किती घनफूट हवा पार झाली ते वाचायचं. दुकानात मशीन नसलं तरी तोंड आहे. जॅकेटच्या छातीचा भाग, फक्त कापड, खिसा नाही, ओठांना घट्ट लावा. पलीकडे हाताची मागची बाजू धरा आणि जोरात फुंका. साध्या फ्लीसमधून फुंकर सरळ हाताला लागते. दाट विणीचं असेल तर दम लावावा लागतो आणि पलीकडे थोडीशीच झुळूक येते. मध्ये पातळ पडदा असेल तर गाल फुगतात आणि पलीकडे काहीच येत नाही. लेबलवर काहीही छापलेलं असू दे, तुम्ही फुंकून बघा. घरचं जॅकेट आत्ताच बघा.

सी-४०३: बघितलं. टेबलावरचा कागद हलला!

डी-२०४: माझं थोडं ऐका. आमचे हे नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. चेतकवर जायचे. थंडीच्या दिवसांत मी रोज आदल्या दिवशीचा पेपर घडी करून त्यांच्या स्वेटरच्या आत छातीवर घालून द्यायचे. तिथे पोचले की काढून ठेवायचे आणि येताना परत तोच. एवढ्या वर्षांत कधी छातीत गार भरलं नाही. स्वेटर मी विणलेलाच होता, भोकाभोकांचा.

ए-१०२: वहिनी, तुम्ही जे केलंत तेच आता कंपन्या कारखान्यात करतात. आत लोकर हवा धरून ठेवते, पेपर वारा अडवतो. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या वस्तू. वारा न लागणारं म्हणून जे चांगलं फ्लीस मिळतं त्यात दोन पातळ फ्लीसच्या मध्ये एक पडदा चिकटवलेला असतो. मुठीत चुरगाळलं तर किंचित कुरकुर ऐकू येते आणि ताणलं तर साध्या फ्लीसइतकं ताणत नाही. तो तुमचा पेपर.

डी-२०४: ह्यांना वाचून दाखवलं. हसतायत.

बी-५०१: काका, पण पडदावाल्याचा मला वाईट अनुभव आहे. मागच्या जानेवारीत कळसूबाईला गेलो होतो. बारीतून पहाटे साडेचारला निघालो तेच तसलं जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत लावून. दुसऱ्या शिडीपर्यंत आत टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला. वर पोचलो, देवळापाशी थांबलो, फोटो काढायला चेन उघडली आणि त्या वाऱ्यात दात वाजायला लागले. १६४६ मीटरवर ओल्या अंगाने उभं राहणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. मित्राने त्याचा कोरडा टी-शर्ट दिला म्हणून निभावलं.

ए-१०२: बरं झालं सांगितलंस. ही दुसरी बाजू लोकांना कोणी सांगत नाही. पडदा वारा आत येऊ देत नाही, तशी घामाची वाफही सहज बाहेर जाऊ देत नाही. चढावर आपण स्वतःच शेगडी असतो. तेव्हा साधं पातळ फ्लीस घालावं आणि विंडचीटर सॅकमध्ये ठेवावं. थांबलो, माथ्यावर आलो, की वरून चढवायचं. बाइकवर माणूस बसलेला असतो, घाम नाही, नुसता वारा. तिथे पडदाच हवा. म्हणून कोणी मला जॅकेट कुठलं घेऊ विचारलं की मी आधी विचारतो, ते घालून तुम्ही चालणार की बसणार?

फ्लीसचा खरा गुण घामाच्या वेळीच दिसतो. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही पाणी पीत नाही. सुती बनियन भिजलं की गार फडक्यासारखं अंगाला चिकटून बसतं. म्हणून चढताना आत सुती नको, हेही लक्षात ठेव. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्स या गिरणीने हे कापड काढलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याचं फार कौतुक. लोकरीची ऊब, वजन निम्म्याहून कमी वाटावं असं आणि वाळायला रात्र पुरते.

सचिव: मध्येच लिहितो, माफ करा. बुधवारी टाकी धुणार आहेत. १० ते २ पाणी नाही. सी विंगने आदल्या रात्री भरून ठेवावं.

सी-४०३: ओके. काका, मग आमच्यासाठी पडदावालंच घ्यायचं ना?

ए-१०२: आज काहीच घेऊ नका. उद्या सकाळी साहेबांना जुन्याच फ्लीसवर रेनकोटचा वरचा भाग घालून पाठवा. पैसा लागत नाही. त्यांना फरक जाणवला तर चूक कुठे होती ते पक्कं होईल. मग ठरवा, वरून घालायला पातळ विंडचीटर घ्यायचं की पडद्याचं फ्लीस.

ए-३०५: काका, आमच्या गावाकडे मुलं गाडीवर जर्किन उलटं घालतात, चेन पाठीमागे. ते बरोबर आहे का?

ए-१०२: विचार अगदी बरोबर आहे. चेनच्या दातांतून वारा सुईसारखा येतो, तो छातीवर येऊ नये म्हणून करतात. पण पाठीमागची चेन एकट्याने लावता येत नाही आणि गळ्याशी कापड ताणलं जातं, म्हणून मी कोणाला सांगणार नाही. त्यापेक्षा चेनच्या आतून उभी पट्टी आहे का ते बघावं. वर हनुवटीपाशी ती पट्टी चेनवर दुमडलेली हवी, नाहीतर दात हनुवटीला घासतात.

आणखी एक. दुकानात आरशासमोर सरळ उभं राहून माप घेऊ नका. खुर्चीवर बसा, हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. मनगट उघडं पडतंय का? पाठीमागे पट्ट्याच्या वर जॅकेट सरकतंय का? तिथून वारा शिरला तर पडदा असून उपयोग नाही. खाली नाडी असेल तर ती ओढून कंबरेशी बंद करता येते. आत एक स्वेटर मावेल इतकं सैल असावं, पण पोत्यासारखं नको. फडफडणारं जॅकेट भात्यासारखं काम करतं, आतली गरम हवा उपसत राहतं.

डी-२०४: आणि आमच्या ह्यांचं? ८१ चालू आहे. सातला गार्डनला दोन फेऱ्या मारतात, मग बाकावर बसतात. हात वर करून तंग बाही घालायला त्रास होतो.

ए-१०२: त्यांच्यासाठी फ्लीसची बंडी बघा, बिनबाह्यांची, पुढे चेन असलेली. छाती-पाठ झाकली की अर्धं काम झालं, बाह्यांशी झटापट नाही. आत पूर्ण बाह्यांचा स्वेटर. ते हळू चालतात आणि बसतात, घाम येत नाही, म्हणून पडद्याची मिळाली तर उत्तम. चेनचा हूक बारीक असतो, त्यात नाडीचा मोठा फासा बांधून द्या, बोटांत सहज येतो. आणि कानटोपी.

डी-२०४: कानटोपी मी विणलेली आहे. ती दुकानातली घालणार नाहीत.

सोमवार, दुपारी ४:०५

सी-४०३: काका, हे आत्ता आले. रेनकोट घालून गेले होते. म्हणाले, घाटात पहिल्यांदा छाती गरम होती. पण रेनकोटचा फडफड आवाज फार होतो आणि गेटवर दोन-दोन कपडे काढा, लॉकरमध्ये कोंबा, त्याचा कंटाळा येतो. त्यामुळे एकच घ्यायचं ठरलंय. संध्याकाळी जातोय.

ए-१०२: मग पडद्याचं फ्लीस घ्या. पुढून पडदा आणि पाठ साधी असलेलंही एक येतं, सायकलवाल्यांसाठी करतात. मिळालं तर तेच घ्या, पाठीतून वाफ निघून जाते.

सोमवार, रात्री ९:२०

सी-४०३: घेतलं. पहिल्या दुकानात तीन जॅकेटांना फुंकून बघितलं. सेल्समन मुलगा आधी बघतच राहिला, मग त्यानेही फुंकलं. तिन्हींच्या लेबलवर वारा लागत नाही असंच लिहिलेलं, फुंकर दोघांतून आरपार. तिसऱ्यातून नाही, पण बाही आखूड होती. दुसऱ्या दुकानात पुढून पडदा असलेलं मिळालं. ह्यांना स्टुलावर बसवून हात पुढे करायला लावले. एक माप मोठं घ्यावं लागलं. काकूंसाठी बंडीचा फोटो पाठवलाय, राखाडी आणि मरून दोन रंग आहेत.

डी-२०४: मरून.

ए-१०२: छान. आता धुण्याचं ऐका. उलटं करून गार पाण्यात धुवायचं. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात घालायचं नाही, ते लवेवर बसतं. इस्त्री नाही, पॉलिएस्टर आहे, वितळतं. उन्हात लटकवलं की झालं. मशीनमध्ये टॉवेलबरोबर टाकू नका, गोळे येतील. दर धुण्याला बारीक धागे सुटतात, प्लॅस्टिकचेच, आणि ते शेवटी गोदेत जातात. म्हणून उगाच रोज धुऊ नका, बाहेरून घालायचं आहे, महिन्यातून एकदा पुरे.

बी-५०१: शेकोटीचंही सांगा काका.

ए-१०२: हो. ठिणगी उडाली की फ्लीसला लगेच भोक पडतं. शेकोटीशी बसताना वरून लोकरीची घोंगडी घ्यायची, लोकर पटकन पेटत नाही.

मंगळवार, सकाळी ७:१२

सी-४०३: आत्ता ह्यांचा फोन आला, पोचले. छाती, पोट, मान सगळं व्यवस्थित. पूर्ण रस्ता चेन उघडावीशी वाटली नाही म्हणाले.

ए-१०२: आणि बोटं?

सी-४०३: बोटं अजून गारच. विणलेले हातमोजे आहेत.

ए-१०२: मग आज संध्याकाळी हातमोज्यांनाही फुंकून बघा.