पडकं घर आणि आपली माणसं: दुरुस्तीचे तुमचे अनुभव लिहा

आजोळचं घर ९ वर्षं बंद होतं. किल्ली सापडेना म्हणून मामानं कोयंडाच उचकटला. दार ढकललं तर ते बिजागरीतून निखळून माझ्याच अंगावर आलं. मधल्या खोलीत दोन वासे खाली आलेले, चौकटी वाळवीनं पोखरलेल्या (वरून रंग शाबूत, पण बोट टेकवलं की आत जायचं) आणि मागच्या भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत सुटलेला.

सगळं काम बाहेर देण्याइतके पैसे नव्हते. मग मामा, मी, दोन मामेबहिणी, मावसभाऊ आणि माझे दोन मित्र असे सुट्टीच्या दिवशी जमायला लागलो. ३ महिन्यांत उरकू म्हणालो होतो, १४ लागले.

त्या मागच्या भिंतीवर पांढरी पावडर धरली होती. मला ती बुरशी वाटली, पण तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, निघाला. खरवडायचं आणि सिमेंटचा गिलावा मारायचा, असं आम्ही सगळ्यांनी एका सुरात ठरवलं. मामा काहीच बोलला नाही, फावडं घेऊन घरामागे गेला. अर्ध्या तासानं हाक मारली. बाहेरची माती साचत साचत जोत्याच्या वर वीतभर चढली होती आणि पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथंच पडत होतं. वात तेल ओढते तशी भिंत खालून पाणी ओढत होती. पाण्याबरोबर क्षार वर येतात. पाणी उडून जातं, क्षार तिथंच खडा धरतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. वर सिमेंट थापलं की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढते. पूर्वी कुणीतरी हाच उद्योग करून ठेवला होता. सिमेंटचा जुना थर जिथं संपत होता, त्याच्या बरोबर वर ताजा लोणा होता.

माती उपसली, जमिनीला बाहेरच्या बाजूनं उतार दिला, जुनं सिमेंट काढलं आणि भिंत उन्हाळाभर तशीच उघडी ठेवली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "एवढंच राहिलंय वाटतं?" चुना लावला तो त्यानंतर.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मावसभावानं न्हाणीघराच्या फरश्या बसवल्या. स्वतःचे ४ रविवार घालवले, गुडघे सोलवटून घेतले. उतार मात्र दाराकडे आला. रोज आंघोळ झाली की पाणी मोरीकडे ढकलत न्यावं लागतं. त्याला आजतागायत कुणी काही बोललेलं नाही. तुमच्याकडे काय झालं? कुठलं काम घरच्यांना दिलंत, कुठलं दिलं नाहीत आणि चुकलं तर सांगितलंत कसं?

थोरली सून

आमच्याकडे सांगावं लागलं आणि सांगणारीच तोंडावर पडली.

सासऱ्यांचं म्हणणं, "माझी नजर हीच माझी लेव्हल." नव्या ओट्याची उंची भिंतीवर दोन्हीकडे खुणा करून त्यांनी नजरेनं ठरवली. मला एक बाजू खाली वाटली. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक मी धरलं, दुसरं जाऊबाईंनी. चक्क बोटभर फरक! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, बघा." ते आले, नळी उजेडात धरली आणि मधे अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवला. नळी झटकून बुडबुडा काढल्यावर दोन्ही टोकांचं पाणी अगदी त्यांच्या खुणांवर येऊन थांबलं. पुढचे दोन दिवस माझ्याशी कुणीही बोलताना उगाच बोटानं हवेत बुडबुडा फोडून दाखवायचं.

पण खोली काटकोनात आहे ही त्यांची खात्री मात्र चुकीची निघाली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट अशा खुणा करायच्या. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. आमचं ५ फूट २ इंच भरलं. फरश्या भिंतीला धरून लावत गेलो असतो तर समोरच्या कडेला पाचरीसारखे तुकडे आले असते. या वेळी मी तोंडानं काही बोलले नाही, टेप त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "खोलीच्या मधून दोरी धरून सुरू करू." तेव्हा धागाकर्त्याला माझा सल्ला: मोजायचं साधन चुकणाऱ्याच्याच हातात द्या.

आपलाच वायरमन

मी धंद्यानं वायरमन, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत "आपलाच आहेस ना". चुलतभावाच्या घराचं काम होतं. सगळ्यांनी हौसेनं भिंतींना लांबी (पुट्टी) भरली, रंगाचे दोन हात दिले, फोटो काढले आणि मग मला फोन केला, "आता तेवढं वायरिंग बघून जा." तेवढं! वायरिंगचे पाइप गिलाव्याआधी भिंतीत जातात. नवीकोरी भिंत मी कापायला लागलो तेव्हा वहिनी बाहेर जाऊन बसल्या.

आत जे सापडलं ते सांगतो. रबराचं आवरण असलेल्या जुन्या तारा होत्या, वाकवल्या की आवरणाचा भुगा. गिलाव्यात पुरलेले जोड, त्यावर नुसती टेप. अर्थिंगची तार प्रत्येक बोर्डापर्यंत आणलेली, पण जमिनीकडचं तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. म्हणजे दाखवायला तीन भोकं आणि आत काही नाही.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तार, साध्या प्लगला २.५ आणि गिझरसारख्या ओढणाऱ्या वस्तूंना ४ ची स्वतंत्र, असा माझा साधारण हिशोब असतो. लोक एमसीबी (तारेवर भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला की निश्चिंत होतात. तो तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, विजेची गळती झाली की तो क्षणार्धात पडतो आणि वीज तोडतो. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघायचं असतं. ते कुणी दाबत नाही, मीही माझ्या घरी विसरतो.

मित्रांना रंग द्या, राडारोडा उचलायला द्या, काचकागद द्या. वीज देऊ नका. धाकटा भाऊ कितीही व्हिडिओ बघून आला असला तरी.

पहारवाला मित्र

मीच तो मित्र. दोन खोल्यांची एक करायची होती, माझ्या हातात पहार होती आणि उत्साह दांडगा. मधल्या भिंतीच्या चार विटा काढल्या तेव्हा वरच्या तुळईतून कर्र असा आवाज आला आणि छताला केसाएवढी चीर गेली. मित्राच्या वडिलांनी दोन लाकडी टेकू ठोकले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. भिंत वजन पेलणारी होती. नंतर इंजिनिअर आले, त्यांनी वर लोखंडी तुळई घालून मगच उघडायला लावली. वाजवून बघितली, पोकळ वाटली, तेव्हा नुसता आडोसाच असणार, हा माझा तर्क होता. तसं वाजवून काही कळत नसतं.

काकांनी मला त्यावर एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

चुना लागलेली

धागाकर्त्यानं "चुना लावला" असं दोन शब्दांत उरकलंय. एवढं सोपं नसतं हो. माझ्या आत्तेभावानं पिंपात चुन्याची कळी (न विरवलेला चुना) टाकली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. रटरट उकळायला लागलं आणि शिंतोडे थेट डोळ्यात. नळाखाली डोळा धरून बराच वेळ धुतला, तसेच दवाखान्यात नेलं, डोळा वाचला. पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कळी थोडी थोडी सोडायची, उलटं कधीच नाही. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, आणि प्लॅस्टिकचं पिंप नको, ते वितळतं. विरलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, आम्ही दोन महिने पाण्याखाली ठेवला होता.

आणि लावल्यावर घाई चालत नाही. सिमेंट पाण्याशी धरून घट्ट होतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत हळूहळू दगड होतो. थर पातळ द्यायचे आणि कडक उन्हात ओलं गोणपाट टांगायचं. आमच्याकडे गोणपाट भिजवायची पाळी आजीनं स्वतःकडे मागून घेतली. तिला वाकता येत नाही, उचलता येत नाही, पण पाण्याची पिचकारी मारता येते. सगळ्या घरात वेळेवर झालेलं ते एकमेव काम.

दोन भावांतला धाकटा

सगळे गोड लिहितायत म्हणून थोडं कडू लिहितो. दादानं पैसे घातले, मी अंग घातलं. तो लांब राहतो, मी जवळ. त्याचा आकडा कागदावर आला, माझा कुठेच नाही. वर्षभरानं तो सहज म्हणाला, "घर मी उभं केलं." सहजच म्हणाला, मनात काही नव्हतं त्याच्या. पण मी त्यानंतर तिथं राहायला गेलेलो नाही. सुरुवातीलाच एक वही करायला हवी होती, कुणाचे किती दिवस आणि कुणाचे किती पैसे, दोन्ही एकाच पानावर. आपल्या माणसांत वही कसली, असं आई म्हणाली होती.

काचकागद

एक छोटी गोष्ट, पण कुणी लिहिली नाही. जुन्या दारांचा ऑइल पेंट घासायला आम्ही सगळी पोरं बसलो होतो, अगदी कोरडं घासत. बहिणीला सातवा महिना, तीही गप्पा मारत तिथेच. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना उठवलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला फार वाईट. ओला काचकागद वापरायचा, भुगा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा. छपराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचंही तसंच. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. फोडायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, आणि तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. आम्ही ते काम जाणकारांकडे दिलं.

धागाकर्ता

थोरल्या सूनबाईंचं ऐकलं. काल मावसभाऊ आला होता, त्याला न्हाणीघरात नेलं आणि काही न बोलता एक गोटी हातात दिली. त्यानं गोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं रे. तुम्ही कुणी काही बोलेनात, मला वाटलं लक्षात आलं नाही. मग मीही गप्प बसलो." म्हणजे इतके महिने सगळं घर पाणी ढकलतंय आणि तो प्रत्येक वेळी पाय पुसण्याच्या निमित्तानं ते बघतोय.

येत्या रविवारी फरश्या काढतोय. खालचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करणार, मोरीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवणार आणि खाली, कडेला कुठे ओल आली नाही तरच नव्या फरश्या. त्यानं एकच अट घातली आहे: दोरी मामानं धरायची आणि मी मधे मधे बोलायचं नाही.

धाकटे भाऊ, तुमच्या वहीची गोष्ट मामाला वाचून दाखवली. तो उठून आत गेला आणि जुनी डायरी घेऊन आला. १४ महिन्यांतला प्रत्येक रविवार लिहिलेला आहे, कोण आलं, किती वाजता गेलं. माझ्या नावापुढे तीन ठिकाणी "उशिरा" आहे.