स्कोअर 1 आला म्हणून स्ट्रोक ‘माइल्ड’?

टेलरची_लेक:
बाबा टेलर, चाळीस वर्षं मशीनवर. मार्चमधे सकाळी कापड बेतताना कात्री हातातून सुटली, उचलली तर परत सुटली, तोंडही जरा वाकडं दिसलं. तासाभरात हॉस्पिटल गाठलं. तिथे स्ट्रोक किती गंभीर ते आकड्यात मोजणारा NIHSS स्केल लावला: हात समोर धरायला लावला, दहा सेकंदांत खाली आला नाही म्हणून हाताला शून्य, चेहऱ्याचा 1, एकूण 42 पैकी 1. ‘माइल्ड आहे’ म्हणाले आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. आज बाबांना सुईत दोरा ओवता येत नाही. जो स्केल बोटं तपासतच नाही त्याच्यावर माइल्ड कसं ठरवता?

कॅज्युअल्टी_नाइट:
ताई, वाईट वाटलं वाचून, पण स्केलला दोष देऊ नका. ते इंजेक्शन म्हणजे सलाइन नव्हे हो. 1995 च्या अमेरिकन ट्रायलमधे ते घेतलेल्या शंभरात साधारण सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन तब्येत आणखी बिघडली, न घेतलेल्यांत एकाहूनही कमी. आणि 2018 ला 0 ते 5 स्कोअरच्या, रोजचं काम न अडलेल्या पेशंटना देऊन बघितलं तर ॲस्पिरिनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. मग कमी स्कोअरला सरसकट द्यायचं का?

माहेर_सातारा:
माझ्या आईचा स्कोअर तर शून्य होता! भोवळ, उलट्या, पलंगावर बसवलं की डावीकडे कलंडायची, पण झोपून हातपाय तपासले तर सगळं नॉर्मल. सीटी क्लीन, पित्त म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी एमआरआयमधे लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला. उठवून चार पावलं चालवलं असतं तरी कळलं असतं ना?

तालुका_डॉक्टर:
चालवून बघायलाच हवं होतं, मान्य. पण आकडा नको हे मला पटत नाही. मी रात्री शहरात फोन करून ‘पेशंट बराच सिरियस वाटतोय’ म्हटलं तर समोरचा दहा प्रश्न विचारतो, ‘स्कोअर 16, डावी बाजू गेली, शेवटचे धड होते साडेनऊला, शुगर 140’ म्हटलं की तो गुठळी नळीने काढणारी कॅथलॅबची टीम बोलवायला घेतो. शुगर मुद्दाम सांगतो कारण ती खूप उतरली तरी माणूस अगदी स्ट्रोकसारखाच दिसतो.

टेलरची_लेक:
आकडा असू द्या की, मी कुठे नको म्हणतेय. @कॅज्युअल्टी_नाइट, तुम्हीच लिहिलंय ‘रोजचं काम न अडलेल्या’. बाबांचं काम त्या सकाळी अडलंच होतं. आणि इंजेक्शन द्यायला जे साडेचार तास असतात त्यातले तीन तास हातात होते.

कॅज्युअल्टी_नाइट:
मग तो पेशंट त्या 2018 च्या गटात बसतच नाही. उजव्या हाताची पकड गेलेला टेलर म्हणजे काम अडलेलाच, स्कोअर 1 असला तरी. इंजेक्शनचा विचार व्हायला हवा होता, निदान तुमच्याशी बोलायला तरी हवं होतं. काय काम करतात हे कुणी विचारलं होतं का?

टेलरची_लेक:
फॉर्मवर विचारलं होतं. मी ‘रिटायर्ड’ नाही, ‘टेलर’ असंच लिहिलं होतं.