कॅमेरा मोठा की कायदा?

रावेरकर : काल येथे एका सदस्याने लिहिले की, “लाचखोर फक्त कॅमेऱ्याला घाबरतो, बाकी सगळ्या यंत्रणा कुचकामी आहेत.” हे वाचून राहवले नाही. जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात २००६ साली फिर्याद दिली ती तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी आणि २०१९ साली ४८ जणांना दोषी ठरवले ते धुळ्याच्या विशेष न्यायालयाने. वाहिन्यांच्या गाड्या मला दिसल्या त्या निकालाच्या दिवशी.

तापीकाठ : तेरा वर्षे लागली, हेही लिहायचे होते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे ११ खासदार ‘आज तक’ने छुप्या कॅमेऱ्यातून दाखवले आणि अकरा दिवसांत त्यांची खासदारकी गेली. त्यांतले दोघे आपल्याच जळगाव आणि एरंडोलचे होते, हे सोयीस्करपणे विसरलात?

रावेरकर : विसरलो नाही. त्यांना घालवले ते संसदेने, चौकशी समिती नेमून. वाहिनीच न्यायाधीश झाली की काय होते, ते २००७ साली दिल्लीत दिसले : बनावट चित्रफितीवर विसंबून जमावाने एका शिक्षिकेला मारहाण केली.

केळीवाली : दिल्ली राहू द्या. वादळात आमची बाग आडवी झाली, तेव्हा पंचनाम्यासाठी एका कर्मचाऱ्याने उघड पैसे मागितले. एका वाहिनीचा वार्ताहर आला, माझे बोलणे टिपून घेतले, चहा प्यायला आणि बातमी काही लागली नाही. पाकीट पोहोचले असणार, दुसरे काय!

जुना वार्ताहर : पुरावा नसताना पाकिटाचा आरोप करू नये. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, बातमीमागे मानधन मिळते, तेही लागली तरच. शिवाय जाहिराती त्यानेच आणायच्या आणि त्या देणारा बहुधा गावचा पुढारी किंवा ठेकेदार असतो. पंधरा वर्षे मी हेच केले. बातमी वरच्यांनी दाबली आणि शिव्या मी खाल्ल्या.

केळीवाली : म्हणजे बातमी दाबली जाते, हे आपणच कबूल केलेत. आभारी आहे.

तापीकाठ : ताई, लाचलुचपत विभागाच्या १०६४ क्रमांकावर तक्रार का केली नाही?

रावेरकर : पाहा, कॅमेऱ्याचे वकील शेवटी सरकारी क्रमांकावरच आले! बरे, त्या दोन खासदारांपुरता कॅमेरा जिंकला, असे मी मान्य करतो.

केळीवाली : आधी पडताळणी, मग सापळा, तोवर आडवे झालेले खोड शेतात कुजत ठेवायचे होते का? पैसे दिले आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला.